हूडविंक आणि हिरवी टोपी

नंदुरबारच्या एका नेत्र रुग्णालयात माझ्या शेजारी कोरीट गावच्या मीनाबाई आणि परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करणारी त्यांची नात मयूरी बसल्या होत्या.

"काय वाची ऱ्हायनी, पोरी?"

"हूडविंक. म्हणजे धूर्तपणे फसवणं, आजी."

"फसाडाले इतला मोठा शबद?"

"हूड म्हणजे टोपी. पूर्वी ती डोळ्यांवर ओढून डोळे झाकायचे. फसवणं हा अर्थ नंतर आला."

"आपन नवा चष्मा लेवाले उनूत ना?"

"हो, आजी, चष्मा घ्यायलाच आलोय."

"मंग नर्सबाईनी माले हाई हिरवी टोपी कसाले घाली?"

"ऑपरेशन म्हटलं असतं, तर तू आली असतीस?"

"नही."

"मग?"

"मंग हाई फसाडनं शे का नही?"

"मला नाही कळत, आजी."

"मंग पुस्तक ठेव, आनि मन्हा हात धर."