व्याह्यांचा दुसरा हात

—अगं नाही, तिला पुन्हा विचारू नकोस, ओकबुन ऐकायची नाही. एकट्या माणसाला शेगडी लावून द्यायची नाही म्हणजे नाही, निदान दोघांचं तरी मांस मागवायलाच लागतं — आणि हा काही तिच्या एकटीचा हेका नाही, सगळ्या गल्लीत तेच. एका तोंडासाठी कोळसा कोण जाळणार? म्हणून तर म्हटलं, मी बसते. बसले बघ. ए ओकबुन, इथे दोघींचं लाव! — बघतेय कशी डोळे वटारून. बघू दे. दुकान तिचं असलं तरी शेजारीण माझीच आहे, भिंतीला भिंत लागून घर. तिचं म्हणणं, मी आत असायला हवं. तो सरकता दरवाजा दिसतो ना, त्याच्याआड माझीच माणसं बसलीत. मी आपली जरा वाऱ्याला बाहेर आले, आत धूर फार झाला होता. — इथेही धूर आहे? असेल. इथला वेगळा.

ते जाकीट काढ आधी, त्या मोठ्या पिशवीत कोंब आणि गाठ मार, नाहीतर चार दिवस, अगदी विमानातसुद्धा, लोक तुझ्यापासून लांब बसतील. आमचं कोरियन बोलणं बरं कळतं गं तुला! मालिका बघून शिकलीस? म्हणजे सासवा कशा छळतात तेवढं सगळं पाठ असेल. — हसू नकोस, हसण्यासारखं नाही ते. चिमटा इकडे दे. कात्रीपण दे. पाहुण्यानं चिमटा धरायचा नसतो. हे मांस आधी या सोयाच्या खारट काढ्यात बुडवायचं आणि मग टाकायचं, चोंगजूत आम्ही असंच खातो. सोलची माणसं नाकं मुरडतात, मुरडेनात का.

आत काय चाललंय? सोयरिक. माझा ब्योंगहो, एकुलता एक, त्याचं जमलंय. मुलगी उनसोल, इंचॉनची, दवाखान्यात नर्स आहे. आज तिच्या वडिलांची आणि आमची पहिली भेट. अशा भेटीला चांगल्या शांत ठिकाणी जातात, वीस वाट्यांचं जेवण असतं तिथे, कोणी मोठ्यानं चावतसुद्धा नाही. पण मीच म्हटलं, कशाला ते, ओकबुनकडे या, आमच्या गल्लीत, माणूस शेगडीभोवती बसला की मोकळा होतो. झाला की मोकळा. माझंच तोंड मोकळं झालं.

घे, हे पान घे, त्यावर ते दुसरं वासाचं पान ठेव, मांस, लसूण, कांद्याची पात — आणि सगळं एकदम तोंडात. अर्धं तोडायचं नाही. तोंड मोठं कर, लाजतेस काय, इथे कोण बघतंय तुला? सगळे मलाच बघतायत.

सांगते. तू काय, उद्या जाशील निघून. तर बसलो आम्ही. माझा नवरा — तो मोजण्यात नाही, मांस समोर आलं की त्याचे कानसुद्धा बंद होतात. उनसोलला आई नाही, लहानपणीच गेली, बापानंच वाढवली. बाप म्हणजे अगदी गरीब माणूस, कोट घालून आलेला, कॉलर मानेला टोचत असणार. आणि माझ्या मुलानं काय करावं? चिमटा हातात घेतला. ज्यानं आमच्या घरी समुद्री शेवाळाचं पानसुद्धा कधी भाजलं नाही, तो मांस उलटतोय, कात्रीनं बारीक बारीक कापतोय, अगदी बाळाला भरवायला कापावं तसं, आणि पहिलं पान कोणाच्या तोंडात घातलं असेल? तिच्या बापाच्या. ‘बाबा, आ करा.’ बाबा! मला बसल्या जागी कडेचे करपलेले तुकडे. मी आपली हसत होते. गालफडं दुखेपर्यंत हसत होते.

मग मी बाटली उचलली. म्हटलं, व्याहीबुवा, एक माझ्या हातचा. आणि त्यांनी पेला पुढे केला — एका हातानं. डाव्या. आता तू मालिका बघतेस, तुला ठाऊक असेल, दुसऱ्याकडून पेला भरून घ्यायचा तर दोन हातांनी, पोरंबाळंसुद्धा तेवढं शिकलेली असतात. उजवा हात आपला टेबलाखाली. तर मी म्हटलं — थट्टेनं गं, थट्टेनंच — म्हटलं, ‘अहो, दुसरा हात काय इंचॉनलाच ठेवून आलात?’

कोणी हसलं नाही. माझा नवरा चावायचा थांबला, तेव्हाच मला कळलं काहीतरी झालंय. त्या माणसानं हळूच हात वर काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा आणि करंगळी, मधलं काही नाही. पत्रे दाबायच्या मशीनमध्ये गेलेली, कारखान्यात. आणि वर काय म्हणाले ठाऊक आहे? ‘चूक माझी आहे, विहीणबाई. मी आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला बिचारीला कुठून ठाऊक असणार?’ एवढं म्हणून दोन्ही हातांनी — त्या तसल्या हातानं खालून आधार देऊन — पेला पुन्हा पुढे धरला. मी ओतलं. अर्धं बाहेर सांडलं.

खा ना, थांबलीस का? आणि मीही म्हटलं, हो ना, मला मेलीला कुठून कळणार, सांगायचं नाही का आधी. मग ते मलाच समजवायला लागले, उनसोलनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळं निभावलं, बघ. फक्त ब्योंगहोनं चिमटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. म्हणून उठले मी. आईकडे असं बघतात का? फोनवर तो सांगत होता तेव्हा मी गच्चीवर मिरच्या पसरत होते, अर्धं लक्ष इकडे, अर्धं —

कधी काय सांगितलं? काही नाही. तो तुकडा घे, झालाय.

बरं, सांगितलं होतं. ‘आई, तिच्या वडिलांच्या उजव्या हाताला बोटं नाहीत, त्यावरून काही विचारू नकोस, तुझी सवय ठाऊक आहे म्हणून सांगतो.’ तुझी सवय! ऐकलं होतं मी, अर्ध्या लक्षानं नाही, पुरतं ऐकलं होतं. या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं ते मला ठाऊक असतं, आणि मी हे विसरेन होय? बाटली उचलली तेव्हासुद्धा डोक्यात होतं. टेबलाखाली कोणता हात आहे ते आल्याआल्याच बघून ठेवलं होतं मी. पण ते ‘बाबा, आ करा’ ऐकलं गं, आणि जीभ सुटली. त्या माणसानं काय बिघडवलं होतं माझं? ज्या हातानं त्यानं पोरीच्या वेण्या घातल्या असतील, जेवणाचा डबा बांधला असेल, तोच हात मी चारचौघांत काढायला लावला. आणि तो माफी मागतोय. माझी! मी ती घेतलीसुद्धा.

आत गेले तर सगळे हसून जागा करतील. ठरेल लग्न, तारीख पण निघेल आज. त्यांना कधीच कळणार नाही. ब्योंगहो तोंड उघडणार नाही, गुणी आहे पोरगा. फक्त दरवेळी, सणाला, बारशाला, ते मला विहीणबाई म्हणून वाकतील आणि माझा मुलगा भिंतीकडे बघेल. आयुष्यभर. तू काय करशील माझ्या जागी? — नको सांगूस. तुझं वय नाही ते.

दरवाजा वाजला? बघ ना कोण ते. उनसोल? — अगं बाई, तिचे वडीलच. ओकबुनच्या सपाता पायात अडकवून. तू खाली बघ. खाली बघ म्हणते ना.

अहो व्याहीबुवा, तुम्ही कशाला उठलात? मी येतच होते. ही पोरगी एकटी होती, म्हटलं जरा सोबत — नाही, मला राग कसला येणार? — नका हो, नका वाकू. पुन्हा पुन्हा कसली माफी मागताय? ऐका. ऐका जरा. तुम्ही सांगायला हवं होतं वगैरे काही नाही. ब्योंगहोनं सांगितलं होतं मला. फोनवर. सगळं सांगितलं होतं. मला ठाऊक होतं.

…

पोरी, ते तुकडे उलट. इकडे बघू नकोस.