निळ्या चिंधीने बांधलेली तपकिरी लोकर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या शालींच्या कारखान्याच्या मालकीण, ज्यांना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणतो त्या मॅडम. प्रमुख पाहुण्या म्हणून आवर्जून आलेल्या, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते आमचे सत्कारमूर्ती भाऊ. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी. कातणाऱ्या, विणणाऱ्या, धुणाऱ्या, घड्या घालणाऱ्या माझ्या सगळ्या सहकारी मंडळींनो. आणि पहाटे डोंगर उतरून, दोन गाड्या बदलून आलेल्या, तिसऱ्या रांगेत ताठ बसलेल्या आक्का आणि त्यांच्या वस्तीवरची माणसं. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी रंगखात्याची प्रमुख. नव्या पाहुण्यांनी माझ्या हातांकडे बघून घाबरू नये. हा आजार नाही, निळा रंग आहे. चोवीस वर्षं धुतेय, जात नाही. सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. माझा स्वभाव ओळखून त्यांनी मनात पंधरा धरली असतील, अशी माझी आशा आहे.

भाऊंबद्दल काय बोलायचं? कागदावर त्यांचं पद ‘खरेदी अधिकारी’. छत्तीस वर्षांत त्यांना त्या नावाने कोणी हाक मारली असेल तर मला दाखवा. कारखान्यात ते ‘गाठोडं’. म्हणजे समोर भाऊ, पाठीमागे गाठोडं. जाताना रिकाम्या हाताने जायचे आणि येताना पाठीवर स्वतःएवढं बोचकं. भाऊ, हसू नका, तुम्हाला माहीत होतं हे मलाही माहीत आहे.

आपल्याकडे तयार शाल मिळत नाही. गिऱ्हाईक येतं, बसतं आणि भाऊ त्याला विचारतात, थंडी आधी कुठे वाजते, मानेला, खांद्याला की गुडघ्यांना? अंगाला काय सहन होत नाही? शाल एकट्याने पांघरणार की नातवाला पोटाशी घेऊन? गिऱ्हाईक गोंधळतं. त्याला वाटलेलं असतं की रंग विचारतील. रंग भाऊंनी कधीच विचारला नाही, ते काम माझं. ते धागा शोधायला निघायचे. एकदा तळ्याकाठच्या माणसांकडून कमळाच्या देठातला धागा आणला. दिसायला असा की बघत राहावं. मग हिशेब केला तर एका शालीला हजारो देठ आणि दीड वर्ष. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, गिऱ्हाईकाचं वय ब्याऐंशी आहे हो.” एकदा अंगाला लागली की आग होते अशा रानझाडाच्या सालीचा धागा आणला. धागा झाला मऊसूत, पण साल सोलणारे आमचे दोघे विणकर आठवडाभर हात पाण्यात घालून बसले होते. आणि वहिनींना विचारा, दवाखान्यात नंबर लावून बसलेले असताना भाऊंनी शेजारच्या अनोळखी बाईंच्या मफलरचं टोक चिमटीत धरून डोळे मिटले होते. वहिनींनी काय सांगून वेळ मारून नेली, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

असं मी तासभर बोलू शकते. पण आज मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगू नकोस म्हणून भाऊंनी मला दोनदा बजावलंय. आत्तासुद्धा ते हात हलवतायत, पाहा. भाऊ, बसा. काल संध्याकाळी तुम्ही निवृत्त झालात, आता तुमचं माझ्यावर काही चालत नाही. त्या गोष्टीमुळे तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाचं नाव चोवीस वर्षं खराब झालंय. मी आज बोलले नाही, तर ते तसंच राहील.

मोठ्या बाईंसाठी थोडं समजावून सांगते. डोंगरावरच्या बकऱ्यांना थंडीत राठ केसांच्या खाली बारीक मऊ लोकर येते. थंडी सरली की ती आपोआप सुटते. त्या दोन-तीन आठवड्यांत एकेक बकरी धरून विंचरावी लागते. चार बकऱ्या विंचराव्यात तेव्हा एक शाल होते. बकऱ्या पांढऱ्या असतात तशा तपकिरीही असतात, म्हणजे असायच्या. पांढऱ्या लोकरीवर मी म्हणाल तो रंग चढवून देते. तपकिरीवर फिका रंग चढत नाही, चढवायला गेलं की चिखल होतो.

चोवीस वर्षांपूर्वी मला रंगखातं मिळून चार महिने झाले होते. बाईमाणसाच्या हाती भट्टी द्यायची का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली होती. चर्चा करणारे काही जण इथे बसले आहेत, त्यांनी मान खाली घालायची गरज नाही. एका घरच्या लग्नासाठी अठरा शाली हव्या होत्या, सगळ्या फिक्या पिवळ्या. भाऊंनी गाठोडं आणून माझ्या खात्यात टाकलं. माझी धांदल उडाली होती. मी गाठोड्यातल्या जुड्यांच्या गाठी एकामागून एक कापल्या आणि लोकर हौदात ओतली. त्यांतली एक जुडी निळ्या चिंधीने घट्ट बांधलेली होती. ती का बांधली आहे, हे बघायला मी थांबले नाही. भट्टीच्या वाफेत, ओली असताना सगळीच लोकर काळपट दिसते. रंगाच्या हौदातून काढून वाळवली, तेव्हा कळलं. जुन्या भिंतीला ओल यावी तसे सगळीकडे डाग. निळ्या चिंधीची ती जुडी तपकिरी होती. कोणीतरी ती मुद्दाम वेगळी बांधून पाठवली होती.

तेव्हा मॅडमचे वडील कारखाना बघायचे. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, हे कसं झालं? भाऊंच्या आधी मीच बोलले. म्हणाले, “वरूनच मिसळून आली.”

भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग साहेबांकडे पाहून म्हणाले, “हो, मिसळून आली. पुढच्या खेपेपासून तपकिरी आणत नाही.” बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून निळी चिंधी काढली. माझ्याच खात्यात हौदाशेजारी त्यांना ती सापडली होती. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी चिंधी भट्टीत टाकली आणि म्हणाले, “नवीन आहेस. आधी पाय रोव.”

इथपर्यंत गोष्ट भाऊंच्या मोठेपणाची आहे. यापुढची माझ्या कोतेपणाची आहे. पुढच्या चार वर्षांत भाऊंनी मला तीनदा विचारलं, “आता आणू का गं तपकिरी?” तिन्ही वेळा मी नको म्हणाले. का? कारण ती पुन्हा अशीच नीट बांधून आली असती आणि कोणीतरी विचारलं असतं, मग तेव्हाच कशी मिसळली?

आणि डोंगरावर काय झालं? जिची लोकर विकली जात नाही ती बकरी कोण पाळणार? तपकिरी पिल्लू झालं की खाटकाकडे जाऊ लागलं. तपकिरी बोकड खच्ची केले. सात-आठ वर्षांत सगळा डोंगर पांढरा झाला. आणि वस्तीवर एकच बोललं गेलं, की आक्कांनी तपकिरी मिसळून दिली, म्हणून कारखान्याने सगळ्यांची तपकिरी बंद केली. कारण ती जुडी आक्कांची होती.

मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नाही, असं म्हणते.

मग आठ वर्षांपूर्वी मोठ्या बाई आल्या. पाच महिने हॉस्पिटलात काढून आल्या होत्या. त्वचेला कुठलाच रंग चालत नव्हता, साबणसुद्धा निवडून घ्यावा लागे. भाऊ म्हणाले, मग पांढरी शाल करू, बिनरंगाची. बाई म्हणाल्या, “पांढरं नको हो. पांढरं पांघरलं की मी अजून त्या खाटेवर आहे असं वाटतं. झाडाच्या खोडासारखा काहीतरी जिवंत रंग द्या, पण रंगवू नका.” बाई, तुम्ही गेल्यावर मी भाऊंना म्हटलं होतं, या शिक्षिका गणिताच्या असणार, सुटणार नाही असं घालून गेल्या.

भाऊ तपकिरी शोधायला वर गेले. वस्तीमागून वस्ती पांढरी. शेवटच्या वस्तीवर आक्कांच्या गोठ्यात चार तपकिरी बकऱ्या आणि एक बोकड. कोणी विकत घेत नसताना, सगळे हसत असताना, सोळा वर्षं त्यांनी तपकिरीचा वंश टिकवला होता. पुढचं मला भाऊंनी सांगितलेलं नाही, बरोबर गेलेल्या ड्रायव्हरने सांगितलं. आक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वेगळी बांधून दिली होती. निळ्या चिंधीने, माझ्या हाताने. आणि तुम्ही मला लबाड ठरवलंत. माझ्या घरी मुलगी द्यायला लोक मागेपुढे बघायला लागले. आता कुठल्या तोंडाने आलात?” भाऊ एवढंच म्हणाले, “आमचं चुकलं.” आमचं. त्या माणसाने तेव्हासुद्धा माझं नाव घेतलं नाही.

आक्कांनी लोकर दिली नाही. दुसऱ्या वर्षीही दिली नाही. भाऊ दोन्ही वर्षं लोकर सुटायच्या दिवसांत तिथे गेले, अंगणात बसले, त्यांच्या पांढऱ्या बकऱ्या विंचरून दिल्या आणि परत आले. तिसऱ्या वर्षी आक्कांनी फणी त्यांच्या हातात ठेवली आणि तपकिरी बकरीकडे बोट दाखवलं. बाईंच्या खांद्यावर आज जी शाल आहे, ती त्या वर्षीची. बाई, जरा उभ्या राहता का? नको, राहू द्या, दिसतेय सगळ्यांना. या शालीला माझा हात लागलेला नाही आणि आमच्या कारखान्यातून गेलेली सगळ्यात सुंदर शाल तीच आहे. हे म्हणताना रंगारणीला किती त्रास होतो, ते मीच जाणे.

तेव्हापासून आक्कांचा बोकड वस्त्यावस्त्यांवर पाहुणा म्हणून जातो. गंमत म्हणजे तपकिरी रंग पुरता गेलेलाच नव्हता, पांढऱ्या बकऱ्यांच्या रक्तात कुठेतरी दडून बसला होता. या वर्षी तीन वस्त्यांवर मिळून एकतीस तपकिरी पिल्लं झाली आहेत. एकतीस. रंगवलेली शाल नको म्हणणाऱ्यांची यादी मॅडमच्या टेबलावर आहे आणि मला त्या यादीचा राग येत नाही, हे मी आज माइकवर सांगते.

आता मी हे सगळं आजच का सांगतेय? भाऊंनंतर वर कोणी जायचं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा भाऊंनी माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, मला बकरी धरता येत नाही. ते म्हणाले, शिकशील. मग गेल्या आठवड्यात म्हणाले, “वर गेलीस की जुनं काही उकरू नकोस. मी निस्तरलंय.” भाऊ, तुमचं म्हणणं मी चोवीस वर्षं ऐकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. पण आक्कांच्या अंगणात बसायचं, त्यांच्या हातचं पाणी प्यायचं आणि त्यांना लबाड ठरवणारी मीच हे पोटात ठेवायचं, हे मला जमणार नाही.

म्हणून वस्तीवरच्या मंडळींना हात जोडून सांगते. आक्कांनी लोकर मिसळून दिली नव्हती. त्यांनी नीट वेगळी बांधून दिली होती. चिंधी मी कापली आणि खोटंही मीच बोलले. घरी गेलात की हे सगळ्यांना सांगा, जे आज आले नाहीत त्यांनाही सांगा.

भाषणाच्या शेवटी काही उणंअधिक बोललं गेलं असेल तर माफ करा, असं म्हणायची रीत आहे. आजच्या भाषणातल्या चुका तुम्ही सोसून घ्याल, त्याची मला काळजी नाही. मला माफी मागायची आहे ती त्या एका वाक्याची. भाऊ, तुमची मागते. आणि आक्का, तुमची मागते. तुम्ही आत्ता काही बोलायलाच हवं असं नाही.

काय म्हणालात? एक मिनिट, मागे ऐकू गेलं नाही, मी सांगते सगळ्यांना.

आक्का म्हणतायत, “माफीचं बघू पुढे. विंचरायला येशील तेव्हा ती निळी नखं कापून ये, बकऱ्यांना ओरखडे येतात.”

अध्यक्ष मॅडम, मोठ्या बाई, भाऊ, वहिनी, तुम्ही सगळ्यांनी मला इतका वेळ बोलू दिलंत, तुमची मी ऋणी आहे. सूत्रसंचालक, तुमची पंधरा मिनिटंही मी ओलांडली, तुमचीही क्षमा मागते.

आक्का, कापून येते.