काळा कागद कोणी काढला

बाटलीला मी हात लावला नाही, हे मी किती सांगितलं, पण लॅब झाडणारीचं ऐकतंय कोण? आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात दाते सर चांदी आणि सेंद्रिय रसायन जोडून बारीक पूड बनवतात. उजेड पडला की तिच्यातून वीज वाहते. पण चाचणीआधीच उजेड लागला तर ती वाया जाते, म्हणून बाटलीला काळा कागद. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पूड खराब निघाली.

सर विभागप्रमुख मॅडमना म्हणाले, "पुसताना मावशींनीच कागद काढला. यांना काढून टाका."

मी म्हटलं, "सर, खंडेनवमीला यंत्रं पुजलीत, तेव्हा बाटलीला कुंकू कशावर लावलंत? काळ्या कागदावर?"



मॅडम म्हणाल्या, "दाते, कागद काढलात?"

"पूजेत काळं बरं दिसत नाही, मॅडम."

"परत कधी गुंडाळलात?"

"सुट्टीनंतर."

एवढा पीएचडी झालेला माणूस, बाटली खिडकीत उघडी ठेवून घरी श्रीखंड खातो आणि आल्यावर माझी नोकरी खायला निघतो. मॅडमनी तिथेच वहीत चूक कोणाची ते लिहिलं. चौथी शिकलेय मी, तेवढं वाचता येतं: डॉ. प्रसन्न दाते.