आठवा भाग फडताळात होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गुरुवार वाचक मंडळाला इतकी वर्षं स्वतःच्या घरची ओसरी देणारे आदरणीय दत्तरावकाका; व्यासपीठावर बसलेले आजचे सत्कारमूर्ती, मंडळाचे संस्थापक चिटणीस दिनकरराव सर; त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला नकार देऊन बायकांमध्ये जाऊन बसलेल्या दुसऱ्या सत्कारमूर्ती पार्वतीकाकू; चुडाव्यातील वाचक बंधू-भगिनींनो; आणि नुसत्या चहासाठी आलेल्या, तरीही वेळेवर आलेल्या मंडळींनो,

निरोपाच्या भाषणाची सुरुवात गौरवाने करायची असते, हे मला माहीत आहे. पण मला आधी एक दुरुस्ती करायची आहे. ती केल्याशिवाय गौरवाचं वाक्य माझ्या तोंडून नीट निघत नाही. घरी प्रयत्न करून पाहिला.

जानेवारीत मंडळाच्या वर्धापनदिनी मी इथेच उभी राहून अहवाल वाचला होता. त्यात एक वाक्य होतं, ‘कादंबरीच्या आठव्या भागाचे वाचन आतापर्यंत सहा घरांत पूर्ण झाले आहे.’ ते वाक्य चुकीचं आहे. त्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, त्या मी परत मागत नाही. पण खरी गोष्ट अशी की आठवा भाग या गावात कोणीही वाचलेला नाही.

चंद्रभानकाका, बसा. तुमचं नाव पुढे येणारच आहे.

पूर्णेहून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं मागे जाते. गेल्या पावसाळ्यात मंडळाला एक ऐतिहासिक कादंबरी भेट मिळाली. उशीएवढी जाड. कव्हर नाही, पहिलं पान नाही, म्हणून नावही नाही. आम्ही तिला ‘किल्लेदार’ म्हणतो, कारण तीत रायाजी नावाचा एक किल्लेदार आहे. त्याचा मुरारपंत नावाचा कारभारी आहे आणि बाहेर वेढा पडलेला आहे. प्रत एकच आणि वाचायला आठ घरं तयार. आता एकाचं होईपर्यंत सात जणांनी काय करायचं?

यावर सरांनी तोड काढली. सेलूच्या एका बाइंडरकडून त्यांनी पुस्तकाची शिलाई उसवून घेतली, त्याचे आठ भाग केले आणि प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं. मग चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जो भाग येईल तो त्याने महिनाभर ठेवायचा आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पुढच्या घरी द्यायचा. आठ महिन्यांत आठ घरांची कादंबरी पुरी. गणित अचूक होतं. सरांची गणितं अचूकच असतात.

फक्त एक गोष्ट त्या गणितात नव्हती. प्रत्येक घराची कादंबरी वेगळ्या जागेवरून सुरू झाली. सविताताईंना पाचवा भाग आला. त्यांची आणि रायाजीची पहिली ओळख झाली तेव्हा त्याचा एक डोळा लढाईत गेलेला होता. पुढे काही महिन्यांनी पहिला भाग त्यांच्याकडे आला. त्या मला भर रस्त्यात थांबवून म्हणाल्या, “माधवी, अगं ह्या मानसाचा डोळा परत आला!” मी म्हटलं, ताई, तो अजून दहा वर्षांचा आहे. त्या म्हणाल्या, “मंग जपायला सांग की त्याला. आमी पुढचं बघून आलोत.”

चंद्रभानकाकांना सातवा भाग आला. त्यात मुरारपंताचं वागणं फार संशयास्पद आहे. त्यानंतर त्यांनी पहिला भाग उघडला, तर लहान मुरार नदीत बुडतोय आणि रायाजी त्याला वाचवायला उडी टाकतोय. काका तेव्हा त्यांच्या पिठाच्या गिरणीत बसून वाचत होते. दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका साक्षीला आहेत. काका पुस्तकावर ओरडले, “काढू नको रे त्याला! बुडू दे! मोठेपनी काय करायलाय ते तुला म्हाईत न्हाई!” एका मावशींनी घाबरून डबा खाली ठेवला आणि विचारलं, “कोनाचं पोरगं बुडायलंय?”

हसू नका. आपण सगळ्यांनी असंच वाचलं आहे.

आता मुद्द्याचं. सातवा भाग संपतो तेव्हा रात्र आहे, गडावर धान्य संपलेलं आहे आणि दिंडी दरवाज्याची कडी आतून वाजते. बस्स. पुढचं आठव्या भागात. कडी कोणी काढली?

या एका प्रश्नावर आपण आठ महिने भांडलो. चंद्रभानकाका म्हणाले, मुरारपंताने. “माज्या डोळ्यानं वाचलंय. कंदील बी त्याच्याच हातात व्हता.” सविताताई म्हणाल्या, रायाजीच्या बायकोने, लेकरांना बाहेर काढायला म्हणून. आपले अध्यक्ष म्हणाले, कोणीच नाही, कडी जुनी होती, आपोआप निसटली. दत्तरावकाका, क्षमा करा, पण इतिहास असा घडला असेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. खुद्द सरांनी सांगितलं की रायाजीने स्वतःच दरवाजा उघडला आणि एकटा तलवार घेऊन बाहेर पडला. ते सांगताना सरांचा आवाज भरून आला होता. समोर बसलेल्या दोघांनी डोळे पुसले. त्यांतली एक मी होते.

आणि दर वेळी ही चर्चा सुरू झाली की पार्वतीकाकू उठून अंगणात जाऊन बसायच्या. आम्हाला वाटायचं, काकूंना कंटाळा येतो.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगावी लागतील. त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. या गावातल्या प्राथमिक शाळेत सर अठ्ठावीस वर्षं होते. इथे बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस सरांच्या हाताखालून गेला आहे. मी मात्र गेले नाही. माझी मनिषाआत्या डी.एड. होऊन घरी बसली होती. नोकरी लागेपर्यंत शिकवण्याची सवय मोडू नये म्हणून तिने मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. वर्ग एक, मुलगी एक, आणि हजेरी मात्र रोज घ्यायची. आत्याचा नियम होता, “आलं न्हाई तर आलं न्हाई म्हन. मला नोकरी लागली की खोटं सांगनारी पोरं भरपूर मिळतेत.” त्या एका नियमामुळे मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी अडचणीत आले आहे. गेल्या आठवड्यातही आले.

सर आणि काकू आता मुलाकडे नाशिकला राहायला जाणार, म्हणून मंडळाचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. कपाटाच्या किल्ल्या घ्यायला मी सरांच्या घरी गेले. आठवा भाग फेब्रुवारीत आमच्या घरी येण्याची पाळी होती. तो आला नव्हता. ज्यांच्याकडून यायचा त्यांना मी विचारलं, तर ते म्हणाले, “दिला की पुढं.” पुढं म्हणजे आमचंच घर. मी दोन दिवस माझ्याच घरात शोधत होते. आईने गव्हाची कोठीसुद्धा उघडून दाखवली.

सरांनी किल्ल्या दिल्या आणि सवयीने विचारलं, “आठवा भाग वाचला का?”

मी म्हटलं, “नाही सर. आला नाही.”

त्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग म्हणाले, “असं कसं? मी दुसऱ्याच महिन्यात चंद्रभानला विचारलं होतं, आला का, वाचला का? तो म्हणाला, हो सर.”

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, “त्याच्याकडं जाईल कसा? फडताळात हाय.”

तर झालं होतं असं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आठवा भाग सरांच्याच घरी आला होता. काकूंनी तो पाहिला आणि विचारलं, “ह्यो शेवटचा ना? आधी वरात आन मंग पोरगी बघायला जायचं व्हय? मी पयल्यापासून वाचनार.” आणि भाग पदराखाली घेऊन फडताळात ठेवला. सरांनाही उघडू दिला नाही, कारण ह्यांच्या पोटात काही राहत नाही, चेहऱ्यावरून मला शेवट कळेल, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या गुरुवारी सर परभणीला गेले होते. त्यांना वाटलं, काकूंनी भाग पुढे दिला असेल. काकूंना वाटलं, कोणी मागायला आलं तर बघू. कोणी मागायला आलंच नाही.

कारण सरांनी आधीच विचारलं होतं, “वाचला का?” चंद्रभानकाका गिरणीचे मालक आहेत, त्यांना नातवंडं आहेत. पण सरांनी विचारलं की त्यांचा हात अजून हाताची घडी घालायला जातो. ते म्हणाले, “हो सर. लय जबरदस्त शेवट हाय.” एकाने वाचला म्हटल्यावर दुसऱ्याने नाही कसं म्हणायचं? पुढच्या महिन्यात सविताताई ‘हो सर’. त्याच्या पुढच्या महिन्यात अध्यक्ष ‘हो सर’. आणि स्वतः सर? चंद्रभानकाकांनी वाचलेला भाग आपण न वाचताच हातून जाऊ दिला, हे सरांना सांगवेना. म्हणून तेही म्हणाले, “होय, जबरदस्त आहे.”

मी फडताळातला भाग हातात घेऊन पाहिला. छपाईत त्याची कडा कापायची राहून गेली आहे. पानं वरून अजून एकमेकांना जोडलेलीच आहेत. त्यामुळे याबाबत वादाला जागा नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते काकूंचं. भर पावसाळ्या-हिवाळ्यात त्या ज्या चर्चेतून उठून बाहेर गेल्या, ते कशासाठी? शेवट कानावर पडू नये म्हणून. आणि आत बसलेल्या एकालाही तो माहीत नव्हता! हे ऐकल्यावर काकू सरांना म्हणाल्या, “म्हंजे मी थंडीत अंगनात कुडकुडत बसले, आन तुमी आत बसून मनचंच सांगायलात?”

काकूंनी त्यांना चहा दिला, पण साखर घातली नाही.

मी घाबरत घाबरत विचारलं, “सर, माझा अहवाल चुकला आहे. समारंभात दुरुस्त करू का?” त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मला वाटलं, आता नाही म्हणतील, आणि मग मी काय करायचं? शेवटी म्हणाले, “कर. पण क्रमवार सांग. मधलं गाळू नकोस.” जाताना दारात म्हणाले, “माधवी, एक गोष्ट आहे. शाळेत मी पोरांना निबंध लिहा म्हणून किती मारलं. दहा ओळींच्या पुढं कोणी जात नव्हतं. आणि इथं न वाचलेल्या शेवटावर एकेकानं अख्खं प्रकरण रचलं की गं.”

माझ्या मते हाच सरांचा गौरव आहे, आणि तो मला दुसऱ्या शब्दांत करता येणार नाही. संध्याकाळी पारावर मोबाईल बघत बसणारी माणसं सरांमुळे एका किल्ल्याच्या कडीसाठी भांडली. चंद्रभानकाका आणि सविताताई दिवाळीत एकमेकांकडे फराळाला गेले नाहीत, तेही एका बाईने कडी काढली की नाही यावरून, आणि ती बाई तीनशे वर्षांपूर्वीची! वाचक आणखी कसा असतो? सर, तुम्ही आम्हाला खोटं बोलायला लावलंत, हे खरं आहे. पण त्या खोट्याला शोभेल एवढं वाचायलाही लावलंत. पहिले सात भाग इथल्या प्रत्येकाने खरोखर वाचले आहेत. ते मी घरोघर जाऊन विचारून आले आहे, आणि या वेळी मी ‘हो’ एवढ्यावर थांबले नाही.

आता काय करायचं? सर आणि काकू रविवारच्या गाडीने निघत आहेत. इथे काही जणांचं म्हणणं पडलं की आठवा भाग आजच उघडावा आणि निकाल लावावा. मी नाही म्हटलं. काकूंच्या सातव्या भागाची थोडी पानं अजून राहिली आहेत. त्या बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात, आणि सामान बांधायचं कामही त्यांच्याच मागे आहे. ज्या एका माणसाने शेवटासाठी खरंच वाट पाहिली, त्याच्या आधी आपण तो वाचायचा? आपण, ज्यांनी तो आधीच सहा वेळा वाचला आहे?

काकूंशी माझं बोलणं झालं आहे. त्यांची अट त्यांच्याच शब्दांत सांगते, “सुक्रवारपर्यंत माजा सातवा व्हतो. मंग सगळे या. मी वाचते, तुमी ऐका. मधी कोनी म्हनलं की मी म्हनलोच व्हतो, तर तिथंच बंद करीन आन नाशिकला घिऊन जाईन.” काकू, या अटीत काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. नाही ना? त्या मान हलवतायत.

म्हणजे त्या दिवशी सरांना विद्यार्थ्यांत बसावं लागेल. सरांनी होकार दिला आहे. मात्र मागच्या रांगेत बसू द्या म्हणतात.

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिलंत, मधूनमधून आपलंही नाव आलं तरी थांबवलं नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे. सविताताईंनी आणि चंद्रभानकाकांनी आज एकाच सतरंजीवर बसून ऐकलं, त्यांचे आभार. माझ्या बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, किंवा कोणाच्या तोंडी एखादा शब्द कमीजास्त पडला असेल, तर पदरात घ्या आणि मला येऊन सांगा. मी दुरुस्त करीन. मला ती सवय आहे.

एवढं मात्र लिहून घ्या. जोडलेली पानं कापायला आत्याकडची सुरी मी आणणार आहे. पानं मी कापीन आणि एकही अक्षर न बघता काकूंच्या हातात देईन. दत्तरावकाकांच्या अंगणात, जिथे काकू आठ महिने एकट्या बसल्या तिथेच. शनिवार, चौदा मार्च, दुपारी चार.