मागणी क्रमांक चार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या काउंटी मंडळाचे सभापती माननीय श्री. ड्वाइट कॉफेल्ट, राजधानीत आपली बाजू मांडणारे आमदार माननीय श्री. हार्लन स्प्राउस, काउंटीचे वकील श्री. लॉइड ग्रब, मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य, माझ्यापायी ज्यांना हा हॉल रिकामा करून आपले दोन्ही बंब बाहेर गारठ्यात उभे करावे लागले ते अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, आणि समोर हॅम-बिस्किटांचा वास घेत हे भाषण कधी संपतंय याची वाट पाहणाऱ्या माझ्या सर्व बंधूभगिनींनो,

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी या मंडळाची चिटणीस म्हणून एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं; त्यासाठी निवृत्त व्हावं लागलं. सभापती म्हणाले, वर्लीन स्टिल्टनर म्हणजे या मंडळाची स्मरणशक्ती. आमदारसाहेब म्हणाले, वर्लीनच्या हातून एक स्वल्पविरामही चुकला नाही. ही झुलती खुर्चीही फार देखणी आहे. पाठीवर काउंटीची मोहर कोरली आहे, त्यामुळे टेकून बसलं की ती पाठीला टोचणार, पण देणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा.

खुर्चीबद्दल मनापासून आभार. स्वल्पविरामांबद्दल मात्र मला थोडं बोलायचं आहे.

चिटणिसाचं काम काय असतं? मंडळ बोलतं, चिटणीस लिहितो. ड्वाइट, म्हणजे सभापतीमहोदय, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचे आणि माझ्या वहीत बघून लिहायचे. पुढे मी यांची वाक्यं लिहायला लागले. एवढंच काय ते आमच्या दोघांच्या आयुष्यात बदललं. हसा, हसा. ड्वाइटही हसतोय, पण त्याची एक भुवई वर गेली आहे. ती मी सहावीपासून ओळखते.

आपल्या राज्यात काउंटीला स्वतःच्या मनानं काही करता येत नाही, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. राजधानीतला कायदा जेवढं देतो, तेवढंच. अंगणातलं गवत किती वाढलं म्हणजे त्याला तण म्हणायचं, हेसुद्धा तिकडे ठरतं. म्हणून दरवर्षी ऑक्टोबरात आपण जाहीर सुनावणी घेतो, मागण्यांची यादी करतो, पाच विरुद्ध शून्य मतांनी ती मंजूर करतो आणि आमदारसाहेबांच्या हातात देतो. आमदारसाहेब ती हातात धरून फोटो काढतात. फोटो छान येतात. माझ्याकडे सगळे आहेत, वर्षागणिक लावलेले.

त्या यादीतली मागणी क्रमांक चार तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ असेल. पिगॉट ओढ्यावरचा फरशी पूल. रस्ता राज्याचा, ओढा देवाचा, आणि पलीकडची अकरा घरं आपली. वर डोंगरात पाऊस झाला की इथं ऊन असतानाही फरशीवरून पाणी जातं. गढूळ पाणी वीतभर आहे की कमरेइतकं, हे काठावरून कळत नाही. मागणी साधी: दोन्ही बाजूंना फाटक बसवायची आणि पाणी चढलं की ते बंद करायला माणूस नेमायची परवानगी मिळावी.

ही मागणी मुळात, आपण सगळे ज्यांना लहानपणापासून आदरानं मिसच म्हणतो, त्या मिस आर्व्हिला शिफ्लेट यांची. तिसऱ्या टेबलाशी, तपकिरी कोटात बसल्या आहेत त्या. आज त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. दर ऑक्टोबरला हाच चर्चचा कोट घालून त्या सुनावणीला येतात. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. त्या उभ्या राहून सांगायच्या की बाबांनो, तिथं एक फाटक लावा. सभापती मान हलवून म्हणायचे, मिस आर्व्हिला, आमचं काळीज तुमच्या बाजूनं आहे, पण हात राजधानीनं बांधलेत. मग घंटा वाजायची. ती वाजवणं हेही चिटणिसाचंच काम. आणि इतिवृत्तात मी लिहायची, ‘श्रीमती शिफ्लेट पुलाविषयी बोलल्या.’ एवढं एकच वाक्य. दरवर्षी तेच.

नऊ वर्षांपूर्वीचा मार्च तुम्हाला आठवतो. मिस आर्व्हिलांचा मुलगा एमेट टपाल वाटायचा. गाडी स्वतःची, स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्याकडेच्या टपालपेट्या उजवीकडे, म्हणून हा उजव्या सीटवर बसून डावा पाय लांब करून गाडी हाकायचा. लोक हसायचे, म्हणायचे एमेट अर्धा खेकडा आहे. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. अकरा घरांचं आणि त्यांच्यानंतर आमच्या आळीचं टपाल घेऊन तो फरशीवर आला. गाडी दोन मैल खाली, एका कुरणाच्या तारेला अडकलेली सापडली. एमेट तिसऱ्या दिवशी. टपाल खात्यानं पत्रं वाळवून पोचती केली. माझं बियाण्यांचं कॅटलॉगही आलं, आठ दिवसांनी, पानापानांत चिखल घेऊन. मी ते अजून टाकलेलं नाही आणि उघडलेलंही नाही.

त्या ऑक्टोबरला मिस आर्व्हिला पुन्हा आल्या. बोलता बोलता तीन मिनिटांवर गेल्या. मी घंटा वाजवली. हो, त्या वर्षीसुद्धा. वाक्य अर्धं होतं, त्या तशाच खाली बसल्या. आणि मी लिहिलं, पुलाविषयी बोलल्या. मागणी क्रमांक चार पुन्हा यादीत गेली.

ड्वाइट, घड्याळाकडे बघू नकोस. कॉफी गरम आहे, मी मघाशी पाहून आले.

यंदा उन्हाळ्यात मंडळानं ठरवलं की दरवेळी एकेक परवानगी मागण्यापेक्षा राजधानीकडे मोठे स्थानिक अधिकारच मागावेत. समिती नेमली. भाषणं झाली, आपलं घर आपण चालवू वगैरे. मलाही ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? समितीनं मला सांगितलं, एक तक्ता कर. एका बाजूला आपल्याला आज काय काय करता येतं, दुसऱ्या बाजूला कशाला परवानगी लागते. तेव्हा मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा राज्याचा कायदा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. ऑगस्टभर कचेरीच्या तळघरात पंख्याखाली बसून वाचला. आणि एका दुपारी, रस्त्यांच्या प्रकरणात, एक कलम सापडलं. आठ ओळींचं. कोणत्याही काउंटीला राज्याच्या रस्त्यावरच्या फरशी पुलाला, स्वतः ठराव करून, फाटक बसवता येईल आणि ते बंद करायला माणूस नेमता येईल.

खाली कायदा मंजूर झाल्याची तारीख होती. चौदा वर्षांपूर्वीची.

कळतंय ना मी काय सांगते आहे ते? चौदा वर्षांपूर्वी आपल्याला परवानगी मिळाली. त्यानंतर पाच वर्षांनी एमेट त्या फरशीवरून वाहून गेला. आणि आपण या ऑक्टोबरपर्यंत तीच परवानगी मागत आलो आहोत.

स्प्राउससाहेब, तो कायदा तुम्हीच आणला होता. आमच्याच मागणीवरून. तुमचं नाव आहे त्यावर. तुम्ही विसरलात, कारण तुम्ही शंभर कायदे आणता. पण त्यानंतर दरवर्षी तीच मागणी तुमच्या हातात दिली आणि तुम्ही म्हणालात, यंदा मी यासाठी जिवाचं रान करतो. तुम्ही यादी वाचली नाहीत. तुम्हाला फार दोष देत नाही. ती वाचायला दिलेलीच नव्हती, फोटोसाठी दिली होती.

आणि मी? मी गेल्या वर्षीची यादी काढायची, वर साल बदलायची आणि टंकायची. स्वल्पविरामासकट.

मी ते पुस्तक घेऊन ग्रबसाहेबांकडे गेले. मला वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, मला माहीत आहे, तेव्हाच राजधानीचं पत्र आलं होतं. मी विचारलं, मग? तर ते अगदी शांतपणे म्हणाले, “वर्लीन, फाटक लावलं की ते वेळेवर बंद करायची जबाबदारी काउंटीची. फाटक नसेल, तर दोष पाण्याचा.”

ग्रबसाहेब, मान खाली घालू नका. तुम्ही निदान खरं बोललात.

तिथून मी सभापतींकडे गेले. ते म्हणाले, आत्ताच कशाला उकरून काढतेस? आपण मोठे अधिकार मागायला निघालोय. होते तेच वापरले नाहीत असं निघालं तर राजधानीत हसं होईल. यंदा यादी जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.

मी काय केलं असेल? या हॉलमध्ये मला ओळखणारे दोनशे जण आहेत. अर्ध्यांच्या लग्नाचे दाखले माझ्या सहीचे आहेत. तुम्हाला वाटेल, वर्लीन तडक उठली असेल, वर्लीन गरजली असेल. वर्लीन खाली गेली आणि तिनं यादी टंकली. मागणी क्रमांक चार, फाटकासाठी परवानगी मिळावी. तीन महिने उरले होते माझे. कशाला कोणाशी वाकडं घ्यायचं, असं म्हटलं मनाशी. मिस आर्व्हिला सुनावणीला आल्या, तीन मिनिटं बोलल्या. सभापतींनी हात बांधलेत म्हणून सांगितलं आणि मी घंटा वाजवली. आणि या खेपेला मला सगळं माहीत होतं.

लाज वाटते मला. हे वाक्य मी घरी चार वेळा म्हणून पाहिलं, इथं जड जाऊ नये म्हणून. तरी जडच गेलं.

त्यानंतरच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी फरशी ओलांडून पलीकडे गेले. मिस आर्व्हिला अंगणात तांब्याच्या मोठ्या कढईत सफरचंदांचा मुरांबा आटवत होत्या. मुरांबा ढवळायचं थांबलं की तो करपतो. त्यांनी लांब दांड्याचं उलथणं माझ्या हातात दिलं आणि स्वतः ओट्यावर बसल्या. ढवळता ढवळता मी सगळं सांगितलं. कलम सांगितलं, तारीख सांगितली, पत्र आल्याचं सांगितलं, मी टंकल्याचंही सांगितलं. मी बोलायची थांबले तशा त्या एवढंच म्हणाल्या, ढवळत राहा.

मग त्यांनी विचारलं, “तिथं मला तीन मिनिटं मिळतात. तुझ्या निरोपाच्या जेवणाला तुला किती मिळणार?”

मी म्हटलं, तिथं कोणी मोजत नाही.

“मग तिथं सांग,” त्या म्हणाल्या. “मंडळ असेल, आमदार असेल आणि तुला कोणी खाली बसवणार नाही.”

म्हणून मी अजून उभी आहे. एरवी एव्हाना बिस्किटं संपली असती.

तेव्हा सभापतीमहोदय, मोठे अधिकार जरूर मागा. त्या समितीला माझ्या शुभेच्छा आहेत. तो तक्ताही पूर्ण आहे. पण घर आपण चालवू म्हणणाऱ्यांनी चौदा वर्षं हातात असलेली किल्ली खिशात ठेवून दार उघडा, दार उघडा असा आरडाओरडा केला आहे, आणि बाहेर एक माणूस मेला आहे. उद्या राजधानीनं सगळे अधिकार देऊन टाकले तर तुम्ही काय कराल, याची मला काळजी वाटते. दोष द्यायला मग कोण उरणार?

फाटकाचा ठराव मी लिहून ठेवला आहे. एक पान आहे. मंगळवारच्या बैठकीत कुणीही एका सदस्यानं तो मांडायचा आणि दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, बस. पाचही जणांच्या जेवणाच्या ताटाखाली एकेक प्रत मघाशीच सरकवली आहे. विल्मरसाहेब, रस्सा सांडू नका त्यावर.

आता रीत आहे म्हणून आभार. या काउंटीनं मला काम दिलं, मान दिला, खुर्ची दिली. माझ्या नवऱ्यानं एकतीस वर्षं बैठकीच्या दिवशी थंड जेवण निमूटपणे खाल्लं, त्याचे विशेष आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर तेवढं पोटात घाला.

सगळं माहीत असून यादी टंकली, घंटा वाजवली, त्या दुसऱ्या चुकीबद्दल मात्र मी आज या हॉलची माफी मागत नाही. ती चूक तुमच्याशी झालेली नाही. ज्यांच्याशी झाली, त्यांची माफी मी त्या रविवारीच मागितली. निघताना, अंगणाच्या दाराशी. मिस आर्व्हिलांनी माझा हात हातात घेतला नाही आणि झिडकारलाही नाही. त्या म्हणाल्या, “फाटक लागू दे, वर्लीन. मग ये माफी मागायला.”

सभापतीमहोदय, तुमच्याकडे मंगळवार आहे. माझ्याकडे तेवढंही नाही, मी तर निवृत्त झाले. धन्यवाद.