लाकडाला लोकरीचा झगा

माणूस लाकडालाही कपडे घालू लागला, की संस्कृती पूर्ण झाली असं समजावं. हे मत मी सावली गावच्या मोटारस्टँडवर, कानाला मफलर गुंडाळून बसलो असताना बनवलं. मोटार यायच्या आधीच ते मोडलं. बाकावर शेजारी दोन बाया बोलत होत्या.

"काऊन वो देवकाबाई, प्रेमिलाले पाहाले आले होते ना?"

"आले होते. पण पोरीनं बापाचा मफलर उसवला, सुगंधाबाई!"

"अवो माय! कायले?"

"कोट टांगाचं लाकूड असते ना, त्याले कापूस गुंडाळून लोकरीचा झगा विणला. वरून लेस! जंगलखात्याच्या रेंजरबाईनं शिकवलं म्हणे."

"अन् कोट?"

"घरात कोट आहे कोणापाशी? थेच थाळीत ठेवून पाव्हण्यायसमोर आणलं. पोराच्या बापानं उचललं अन् खांद्यावर ठेवलं!"

"खांद्यावर?"

"त्याले वाटलं, कावडीचा नमुना आहे. मासोळ्यायची कावड वाहून खांदा सोलला त्याचा. डोळ्यात पाणीच आलं. म्हणे, सासऱ्याचा खांदा पाहणारी सून भेटली. लग्न पक्कं!"

"अन् तुमी सांगतलं नाई?"

"सांगून जमलेलं लग्न मोडू का? आता पोराचा बाप म्हणते, हुंडा नको, पाच हाताच्या कावडीले अख्खा झगा पायजे."

"बापा! येवढी लोकर कुठून आणान?"

मग देवकाबाई माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमचा मफलर जुनाच आहे ना?"