हिरवी बाजू

वेधशाळेच्या टेकडीवरून खाली जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्या पुढे एक संशोधक विद्यार्थी उभा होता. सोबत त्याची आई. ओहायोहून वेधशाळा बघायला आलेली.

"आई, दुर्बिणीच्या आरशाला तू हात लावलास?"

"हात कशाला लावू? घासणी लावली."

"घासणी?"

"बॅगेत असतेच माझ्या. तू कॉफी आणायला गेलास, मी शिडीवरून डोकावले, तर ही एवढी धूळ! त्यापेक्षा माझं सिंकखालचं कपाट बरं."

"ती धूळ आम्ही मुद्दाम पुसत नाही. पुसली की ओरखडे पडतात."

"इतकी वर्षं विद्यापीठात हे शिकलास, थॅडियस?"

"मऊ बाजूने घासलंस ना?"

"मऊ बाजूने काय निघतंय? हिरव्या बाजूने. तेव्हा कुठे तो चंदेरी मळ सुटायला लागला."

"चंदेरी?"

"थरच्या थर! खालची स्वच्छ काच दिसली, तेव्हा जिवाला बरं वाटलं."

"आई, तो मळ नव्हता. तोच आरसा होता. माझ्या प्रबंधाचं शेवटचं निरीक्षण आज आहे."

"मग आज लख्ख दिसेल."

"तुला कोणी पाहिलं का?"

"तुमचे विभागप्रमुख आले होते. पण मी मोठेपणा घेतला नाही हो. म्हटलं, हे सगळं माझ्या थॅडियसचं काम."

"ते काय म्हणाले?"

"भरूनच आलं रे त्यांना. खाली जमिनीवर बसले. मग म्हणाले, त्याला आत्ताच्या आत्ता माझ्याकडे पाठवा. मी म्हटलं, बक्षीसबिक्षीस काही नको. पण ऐकेचनात."